बापूंची दाढ आणि घरचा माणूस

सकाळचे अकरा. करोल बागेतला दातांचा दवाखाना, दुसरा मजला. खुर्ची रिकामी, पेशंट बेपत्ता.

दिल्लीत आयुष्यभर रिपोर्टिंग केलं, पण संसदेने दिले नाहीत इतके किस्से मला बापूंच्या एका दाढेने दिले. बापू म्हणजे केंद्र सरकारातून रिटायर झालेले, मयूर विहारला एकटे राहणारे, आमच्या रविवारच्या मराठी कट्ट्याचे सीनियर. दाढ किडलेली, गाल सुजलेला, आणि सुई दिसली की माणूस पसार!

त्या दिवशी ते खाली गाडीच्या सामानाच्या दुकानात सापडले. गळ्यात दवाखान्याचा निळा नॅपकिन, आणि सीट कव्हरचा भाव चाललेला.

"अंकल, गाडी कौन सी है?"

"पहले कव्हर दिखाओ!"

बापूंकडे गाडी कधीच नव्हती.

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरणाऱ्यांसाठी गोळी असते. आधी घ्यायची, मग पेशंट निवांत. फक्त नंतर तोल जातो, म्हणून सोबत कुणीतरी हवं. बापूंची बायको गेलेली, एकुलती मुलगी टोरांटोला. म्हणून सोबत गेला कट्ट्यावरचा फ्रान्सिस, मूळचा वसईचा.

दवाखान्यात फ्रान्सिसच जास्त घाबरला. बापूंना दया आली आणि त्यांनी आपली गोळी त्याला दिली! बापू मासिक चाळत बसले, आणि असिस्टंटने डुलणाऱ्या फ्रान्सिसला धरून खुर्चीत बसवलं.

बाई किडलेली दाढ शोधून थकल्या. "इनके दाँत तो परफेक्ट हैं!"

ते वाक्य फ्रान्सिस अजून सगळ्यांना ऐकवतो. मी मात्र रिसेप्शनवर जाब विचारला. पेशंटचं नाव विचारायची पद्धत आहे की नाही?

"सर, पूछा था. उन्होंने हाँ बोला."

त्या अवस्थेत 'तू पंतप्रधान आहेस का' विचारलं असतं, तरी तो हो म्हणाला असता!

*

मग गॅस. नाकावर मास्क लावतात, माणूस हसत सुटतो म्हणे. बापू हसले नाहीत. डोळे मिटून थेट ऑफिसात पोचले.

"सर, मुँह खोलिए."

"प्रस्ताव संबंधित विभाग को भेजिए."

"सर, संबंधित विभाग यही है!"

"वित्त विभाग की सहमति ली?"

तोंड उघडलं नाही. दाढ प्रलंबित.

*

उरलं नसेतून द्यायचं औषध. त्याचा नियम कडक: पेशंट घरच्या माणसाच्याच ताब्यात देणार, नाहीतर हात लावणार नाही. एव्हाना बापूंना पेजही गिळवत नव्हती.

"मी नेईन," मी म्हणालो.

"आप इनके कौन लगते हैं?"

"दोस्त."

"फॅमिली चाहिए, सर."

मी भडकलो. मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती टोरांटोहून म्हणाली, "जिम्मेदारी मेरी."

रिसेप्शनवाली म्हणाली, "मॅडम, ये लिफ्ट में गिरे तो वहाँ से पकडेंगी?"

बापू खाली मान घालून बसले होते. "जाऊ दे रे. नाहीच कुणी, तर आणायचं कुठून?"

तेव्हा आमच्यासोबत आलेल्या, कट्ट्यावरच्या नसरीनताई उठल्या. कोल्हापूरच्या, शाळेत शिक्षिका. "मैं इनकी बहन हूँ. और कुछ?" रिसेप्शनवालीने दोघांची नावं वाचली, ताईंचा चेहरा बघितला, आणि निमूट तारीख दिली.

*

त्या तारखेला ताईंची मेट्रो मध्येच बंद पडली. त्यांनी फ्रान्सिसला कळवलं, फ्रान्सिसने मला मेसेज टाकला, आणि मी प्रेस कॉन्फरन्समध्ये, फोन बंद. तिघंही उशिरा, दारातच एकमेकांवर आदळलो. बापू नव्हते!

"दाढ निकल गई, घर गए," रिसेप्शनवाली खुशीत होती. "उनका बेटा आया था ना. कितना अच्छा लडका है! जूते भी उसी ने पहनाए."

आम्ही टॅक्सी पकडली.

मयूर विहारला दार नुसतं लोटलेलं. बापू पलंगावर, अंगावर रजई, गालाला बर्फाची पिशवी. ओट्यावर मुगाची मऊ खिचडी, झाकून ठेवलेली.

बापूंनी अर्धवट डोळे उघडले. "फ्रान्सिस, मीठ जरा कमी होतं हं."

फ्रान्सिसला चहासुद्धा करता येत नाही.

तो मुलगा कोण, हे मी दवाखान्यात विचारलं, सोसायटीच्या गार्डला विचारलं, टोरांटोला फोन करून विचारलं. अजून विचारतोच आहे. बापूंना मुलगा नाही.