पहिल्या रांगेतली छत्री

अडतीस वर्षांपूर्वीचं ते भांडण आमच्या अख्ख्या गल्लीने ऐकलं. धुणं वाळत घालणाऱ्या बायकांचे हात दोरीवरच थांबले होते. एकीकडे दोन्ना मेलीना, दुसरीकडे किनाऱ्यावरच्या भाड्याच्या छत्र्यांचा मालक दॉन चिच्चो.

"पहिल्या रांगेतली चौथी छत्री माझ्या सासऱ्यांपासून आमची आहे!"

"असेल. पण सलग तीन दिवस रिकामी दिसली, की ती यादीतल्या पुढच्या नंबरवाल्याची. नियम सगळ्यांना सारखा. तुमचा मुलगा उत्तरेत तोरीनोला गेला, तुमचे गुडघे कामातून गेले. छत्रीखाली आता कोण बसणार, संत अंतोनिओ?"

"माझी चेत्तीना बसेल. तिला कुठे जायचंय?"

चेत्तीना तेव्हा वीस वर्षांची. आत स्वयंपाकघरात वांगी चिरत होती. तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगावं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. भांडण मिटल्याच्या आनंदात आईने दॉन चिच्चोला लिंबाचं सरबत पाजलं. ते करून आणून दिलं चेत्तीनानेच.

तेव्हापासून जूनच्या मध्यापासून सप्टेंबर लागेपर्यंत ती रोज सकाळी सातला छत्री उघडायची आणि सूर्य डोंगराआड गेला की मिटायची. पोहता तिला येत नव्हतं. शेंगा सोलायची, मोजे विणायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करायची. एकदा रेज्जोहून एक घड्याळजी तिला बघायला आला, तोही नेमका ऑगस्टात. म्हणजे बघण्याचा कार्यक्रम छत्रीखाली, पहिल्या रांगेतल्या बावीस कुटुंबांच्या देखत. बिचाऱ्याने अंगावरचा कोट काढावा की ठेवावा या विचारात नुसता घाम पुसला, आणि जो गेला तो गेलाच.

आई वारली, दॉन चिच्चो वारला, छत्री राहिली. दर ऑगस्टात भाऊ सावेरिओ तोरीनोहून बायकामुलांसकट यायचा, आणि त्याच्या सुट्टीचा सगळा बेत चेत्तीनाच आखायची. कोण कुठल्या खोलीत झोपणार, कोणाला मिरची चालत नाही, कोणत्या दिवशी टोमॅटो शिजवून बाटल्यांत भरायचे. सावेरिओ तिकडून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा.

यंदा मे महिन्यात त्याचा फोन आला. "चेत्ती, या वेळी नुसतं गावात लोळायचं नाही. गाडी भाड्याने घेतो. किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ, तारांतो, गाल्लीपोली, थेट लेउकाच्या दीपगृहापर्यंत. सहा दिवस. तू आखून टाक सगळं, तुझ्यासारखं कोणाला जमतंय!"

"गाडी केवढी?"

"नऊ जणांची."

चेत्तीनाने बोटांवर मोजलं. सावेरिओ, त्याची बायको ओर्नेल्ला, मुलगा-सून, मुलगी-जावई, दोन नातवंडं. आठ. बोटं थांबली, आणि नववं बोट तिने जरा वेळ तसंच धरून ठेवलं.

औषधांच्या दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरच्या पाठीमागे तिने बेत लिहिला. अक्षर मोठं, ओळी वाकड्या. तारांतोच्या मठात मावसबहीण सिस्टर पिएरीना होती, तिथे खाटा मिळणार होत्या. पण सहा दिवस छत्रीचं काय? ती शेजारच्या तितीनाकडे गेली.

"बसशील का गं माझ्या जागी?"

"बसेन की," तितीना म्हणाली, "पण आमचा नंबर पुढचाच आहे, हे विसरू नकोस. एकदा बसले की उठेन असं नाही हो सांगत."

दोघी हसल्या. पण तितीना खरंच सांगत होती.

मग ती दॉन चिच्चोच्या मुलीकडे, आता छत्र्या सांभाळणाऱ्या लोरेदानाकडे गेली. लोरेदाना म्हणाली, "चेत्तीनामावशी, माझं काही नाही हो. पण तुम्हाला सूट दिली तर बाकीच्या एकवीस घरांना काय तोंड दाखवू? बापाने नियम केला, मी मोडू?"

सगळे आल्यावर पहिल्याच रात्री जेवताना चेत्तीनाने मनातलं बोलून टाकलं. "सोडू या का ती छत्री? दुसऱ्या रांगेत मिळेल. समुद्र काय, तिथूनही दिसतो."

सावेरिओने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आईने भांडून राखलेली जागा."

ओर्नेल्ला म्हणाली, "अहो वन्सं, एवढ्या लांबून मी काय परक्यांच्या पाठी बघायला येते?" मग आवाज मऊ करून, "पण बाई, तुमचं तुम्ही ठरवा. आमची जबरदस्ती नाही."

जबरदस्ती कोणाचीच नव्हती, हीच तर गोची. जबरदस्ती असती तर दार आपटता आलं असतं.

पण चेत्तीनाने नियमावरच बोट ठेवलं. तीन दिवस सलग म्हणजे दोन दिवस रिकामी चालते! तिने कॅलेंडर पुन्हा पसरलं. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर निघायचं. तारांतोला मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथला समुद्र बघायचा, मग आगगाडीने परत, आणि तिसऱ्या दिवशी सातला छत्री उघडायची. पुढे सगळीकडे आठ खाटा, तारांतोला नऊ. एक रात्र. तिने सुती झगा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि भाचीच्या धाकट्या नोएमीने विचारलं, "आजी, तू पण?" तेव्हा ती लाजली. साठीला टेकलेली बाई, लाजली.

निघायच्या दिवशी पहाटेपासून ती खपत होती. वांग्याचे थर लावून भट्टीत भाजलेलं मोठं पातेलं झालं, तळलेल्या मिरच्या झाल्या, दोन कलिंगडं झाली. सावेरिओ सामान भरत होता. बर्फाची पेटी, मुलांची रबरी होडी, पिशव्या. झगा घालून चेत्तीना खाली आली, तेव्हा गाडीत सगळे बसले होते आणि नवव्या जागेवर तिचं पातेलं होतं.

"हे कुठे ठेवू मग?" सावेरिओ इकडेतिकडे बघत म्हणाला. "मागे ठेवलं तर सगळं तेल सांडेल. चेत्ती, तू मांडीवर धरशील? गरम आहे पण. पाच तास..."

"होडी काढा ना," नोएमी म्हणाली.

"होडी नको काढू!" तिचा भाऊ रडायला लागला. ओर्नेल्ला घड्याळाकडे बघत होती. मागे दुधाच्या गाडीने भोंगा वाजवला, कारण आमची गल्ली ती केवढी!

एक शब्द पुरला असता. 'उतरवा ते पातेलं', एवढाच. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि कोणाच्याही डोळ्यांत दुष्टपणा नव्हता. चेत्तीना आत वाकली. तिने पातेल्याचं झाकण नीट दाबलं आणि वळणावर सरकू नये म्हणून त्याला पट्टा बांधला. "खाली टॉवेल घाला, सीट भिजेल," म्हणाली, आणि दार लावलं.

"पुढच्या वर्षी नक्की!" सावेरिओ खिडकीतून ओरडला.

गाडी गेल्यावर तिने घरी येऊन तारांतोला फोन लावला.

"पिएरीना, मी चेत्तीना. दुपारी पोचतील. सावेरिओला मिरची देऊ नकोस, रात्रभर कण्हतो. धाकटीला दिवा लागतो झोपताना. आणि खाटा आठच लाव. नववी काढ."

"का गं? कोण येत नाहीये?"

"कोणी नाही. सगळे येतायत."

मग तिने झगा बदलला, शेंगांची पिशवी घेतली आणि किनाऱ्यावर गेली. सातला थोडा अवकाश होता.