भारीतला हेडफोन

शिरूरला फौजदार असतानाची ती घटना विसरून जा, असं मला पुष्कळांनी सांगितलं. ती आजही आठवते, आणि तपासाच्या कागदात जे आलं नाही ते आता लिहितो.

एका सहकारी संस्थेच्या अध्यक्षांना फोनवर जिवे मारण्याची धमकी आली. त्यांनी ती कॅसेटवर भरून घेतली होती. खबऱ्याने नाव दिलं ते तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात माईकवर पुकारा करणाऱ्याचं. त्याचं अध्यक्षांशी वाजलं होतं, आणि त्याचा आवाज खर्जातला.

ठाण्यात वॉकमनबरोबर मिळालेला हेडफोन होता, स्पंज फाटलेला. अध्यक्षांनी पुतण्याचा परदेशी हेडफोन पाठवला. तो लावला, तर आवाज खोल, भरदार. पंचांनाही तोच लावला, आवाज कुणाचा ते आधी सांगून. दोघांनी माना डोलावल्या.

ठाण्यात आणलेला पुकारेवाला एकच म्हणत होता, "म्या फोन केला न्हाई, साहेब."

धमकीचं वाक्य मी त्याला मोठ्याने म्हणायला लावलं. पुन्हा. आणखी मोठ्याने. संध्याकाळपर्यंत त्याच्या घशातून नुसती हवा यायला लागली.

दुसऱ्या दिवशी आमच्या किनऱ्या आवाजाच्या हवालदाराने गंमत म्हणून स्वतःचा आवाज भरला आणि तो भारी हेडफोन लावला. "साहेब, ह्यात तर मी पैलवान वाटतोय. बायकूला ऐकवतो."

सगळे हसले. मी तीच कॅसेट फाटक्या हेडफोनवर ऐकली. हवालदार रोज बोलायचा तसाच बोलला. मग धमकीची कॅसेट लावली. आवाज तरुण, बारीक, नाकातला.

दुपारी पुतण्या हेडफोन न्यायला आला. "झालं का काम, साहेब?" म्हणाला. तोच आवाज. बसवून विचारलं तेव्हा कबूल झाला.

अध्यक्षांनी घरातली बाब म्हणून हात जोडले. वरूनही फोन आला. मी 'आरोपी निष्पन्न नाही' असा अहवाल पाठवला. पुकारेवाल्याला सोडलं, पण तो निर्दोष आहे असं कुठेही लिहिलं नाही.

जो आत गेलेला आवाज तसाच बाहेर देतो, तो हेडफोन खरा. आपल्या ओळखीचा आवाज लावून बघावा, लगेच कळतं. महागातलाही खरा असू शकतो. पण हा हेडफोन खर्ज फुगवत होता, गाण्याला गोड लागावा म्हणून. मी मात्र किंमत बघूनच त्याला खरा मानलं. माणसांच्या बाबतीतही तेच केलं.

दौंडला बदली झाल्यावर एकदा त्या बाजारात गेलो. माईकवर दुसराच कुणी होता. पुकारेवाला कांद्याच्या वजनकाट्यापाशी बसलेला. कसे आहात, म्हणून विचारलं. पहिल्यांदाच त्याला अहोजाहो केलं. तो काहीतरी बोलला. मला कान त्याच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

"आता येतंय का ऐकू, साहेब?"