कापलेली सावली

फोटोअण्णांनी आयुष्यात कधी कुणाला 'हसा' म्हटलं नाही. उंब्रजच्या पेठेत त्यांचा स्टुडिओ होता आणि वरच्या खोलीत मी सात वर्षं भाड्यानं राहिले. मी सांगलीची, शाळेच्या नोकरीपायी इकडे एकटी. आल्या आल्या ओळखपत्राच्या फोटोसाठी गेले आणि आपली आपणच हसले. अण्णा कॅमेरा धरून नुसते उभे राहिले. माझं हसू ओसरलं, पुरता कंटाळा आला, तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं. फोटो इतका माझ्यासारखा आला की मला रागच आला. पुढे ओळख वाढल्यावर त्यांनी कारण सांगितलं. "माणूस कॅमेऱ्याकडं बघाय लागला की सोताच्याच घरात पावण्यावानी बसतो, बाई."

त्यांचा खरा जीव आठवड्याच्या बाजारात. ऊन कललं की स्टुडिओला कुलूप लावून ते बाजाराच्या तोंडाशी, ठरलेल्या जागी, उन्हाकडे पाठ करून उभे राहायचे. मिरच्या निवडणारी बाई, चपलेचा अंगठा शिवून घेणारा म्हातारा, भावावरून घासाघीस करणारे नवरा-बायको. असले फोटो कोण विकत घेणार? शेजारचा मोबाईलवाला त्यांची टिंगल करायचा. अण्णा कधी उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नाहीत.

उत्तर गावाला ठाऊक होतं. कुणी गेलं आणि घरात धड फोटो नसला की माणसं अण्णांकडे येत. अण्णा संगणक उघडून एवढंच विचारायचे, की बाजारात ते काय घ्यायचे? कुणी तंबाखू म्हणे, कुणी सुकी मासळी. त्या त्या दुकानापुढचे फोटो चाळत अण्णा माणूस शोधून काढायचे आणि चेहरा तेवढा मोठा करून तेराव्याला फ्रेम द्यायचे. फ्रेम बघून घरची माणसं हमखास म्हणायची, की अगदी असेच दिसायचे.

अण्णांच्या बायकोला मी काकी म्हणत असे. त्या बाजार करून दोन पिशव्या घेऊन यायच्या आणि अण्णांचं आटपेपर्यंत त्यांच्या उजव्या हाताला उभ्या राहायच्या. चुकून पाऊल पुढे पडलं की अण्णा खेकसायचे. घरचं माणूस समोर दिसलं की बाजारातले लोक त्याच्याशी बोलायला लागतात आणि फोटो बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. काकी मला हसत सांगायच्या, "समद्या गावाचं फोटू काढत्यात. मी तेवढी न्हाई त्यात." त्यावर अण्णांचं ठरलेलं होतं, "तुजा एक निवांत काढू." तो निवांतपणा काही आला नाही.

गेल्या वर्षी काकी चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. तेराव्यासाठी आधार कार्डावरचा फोटो अण्णांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ही न्हवं ती." मग शोध सुरू झाला. शाळा सुटली की मी शेजारी बसायची. भाजीवाली सापडे, बोहारीण सापडे, मी स्वतः दोनदा सापडले. काकी कुठेच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी न राहवून मी बोलून गेले, "अण्णा, एक फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?" त्यांनी पुढचा फोटो उघडला. ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

चौथ्या दिवशी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ऊन पाठीशी असल्यानं प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला त्यांची स्वतःची सावली यायची आणि छापताना ती कड ते न चुकता कापून टाकायचे. मूळ फोटोंत मात्र ती तशीच होती. कॅमेरा धरलेल्या सावलीच्या उजवीकडे दुसरी एक सावली होती, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली. तापाआधीच्या शेवटच्या बाजाराच्या फोटोत होती, त्याच्या मागच्या आठवड्यातही होती. वर्षानुवर्षं होती.

"मीच कापत आलो की, बाई," अण्णा म्हणाले आणि रडले. माझ्या देखत रडले ते तेवढंच.

तेराव्याला हार अखेर आधार कार्डावरच्या फोटोलाच घातला. लोकांना चेहरा लागतो.

या उन्हाळ्यात माझी सांगलीकडे बदली झाली. घराकडे जायचं म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण सांगलीत आता माझं तरी कोण उरलंय? शेवटच्या बाजारी अण्णांना भेटायला गेले. ते ठरलेल्या जागी उभे होते. हातात भाजीच्या पिशव्या घेऊन मी सहज त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन थांबले. त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, जरा मागं व्हता का? सावली पडतीया."

मी मागे झाले.

निघताना त्यांनी त्या दिवशीचा फोटो छापून दिला. कड कापलेली नव्हती. मिरचीवाली, हातगाडी, पुढे मातीवर अण्णांची एकट्याची सावली आणि तिच्या उजवीकडे एका माणसापुरतं ऊन.