मंगलाताईंचे तीन आटे

फोन त्यांच्या भाचीचा होता. "आत्या गेली... सकाळी, चहा घेता घेता," एवढंच ती म्हणाली. छाणीच्या त्यांच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि शेजारची एक बाई दुसरीला सांगत होती, "फार शांत स्वभाव हो. कधी कुणाशी वाद नाही." चपला काढता काढता मी थबकलो. ताईंच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मागितला असता. मंगला शिर्के शांत नव्हत्या. हळू बोलायच्या, हे खरं, पण सव्वीस वर्षं बडोद्याजवळ मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात हळू आवाजात भांडल्या आणि बहुतेक वेळा जिंकल्या. महिना उलटला तरी ते "शांत स्वभाव" माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

त्यांचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत शिलेदार होते. "तलवार भावांच्या वाटणीत गेली, माझ्या वाट्याला टी-स्क्वेअर आला," असं ताई सांगायच्या. लग्न केलं नाही. आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात त्या ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे गिरवायला, लागल्या, आणि ड्रॉइंग ऑफिसातली एकुलती एक बाई म्हणून सगळ्यांच्या मंगलाबेन झाल्या. मी बडोद्याचाच, मराठी घरातला, म्हणून मी तेवढा ताई म्हणायचो. मी नोकरीला लागलो ते दिवस मोठ्या उलथापालथीचे होते. बाहेरच्या देशांतली गिऱ्हाइकं येऊ लागली होती, ऑफिसात कॉम्प्युटर आले होते. एका शनिवारी ड्रॉइंग बोर्ड उचलून गोदामात नेले आणि सोमवारी ताईंची खुर्ची रेकॉर्ड रूममध्ये होती. "बेन, हवे आराम करो," आता आराम करा, असं आमचे साहेब त्यांना म्हणाले. तिथे नकाशांना नंबर टाकायचे आणि रॅकवर लावायचे, बस्स.

आता जे लिहिणार आहे ते आजवर कुठे बोललो नाही. स्वेच्छानिवृत्तीची यादी तयार होत होती. साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं की एक कागद लिहून दे, मंगलाबेनला कॉम्प्युटर शिकवून पाहिला, त्यांना जमत नाही. मी त्यांना एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण मी चोवीस वर्षांचा होतो, कायम व्हायची वाट बघत होतो... मी लिहिलं. खाली सही केली आणि जेवायला गेलो. डबा नेहमीसारखाच संपवला, तेही आठवतंय.

त्यानंतर दोनच महिन्यांनी तो स्क्रू आला. एका परदेशी गिऱ्हाइकाला मोठ्या व्हॉल्व्हचा स्पिंडल, म्हणजे चाकानं फिरणारा आट्यांचा दांडा, हवा होता. व्यास चाळीस मिलिमीटर, दाते समलंब चौकोनाच्या आकाराचे, आणि आटे तीन. साध्या स्क्रूवर एकच खाच गोल गोल फिरत वर जाते. इथे तीन वेगळ्या खाचा शेजारी शेजारी चढणार होत्या. दोन दात्यांमधलं अंतर सातच मिलिमीटर, पण चाक एकदा फिरवलं की नट एकवीस मिलिमीटर सरकला पाहिजे, म्हणजे व्हॉल्व्ह झटकन बंद होतो. एरवी आम्ही आटे नुसत्या रेघांनी सुचवायचो, पण नट ते लोक आमच्या मॉडेलवरून तिकडे बनवणार होते, तेव्हा संगणकावरचा प्रत्येक दाता खरा हवा होता. मी सात मिलिमीटर चढणारं वेटोळं काढलं, त्यावरून खाच कापली आणि तीच खाच दांड्याभोवती तीनदा उमटवली. स्क्रीनवर दातेच नाहीसे झाले. एका खाचेनं दुसरीचा दाता खाल्ला होता. दोनतीन दिवस डोकं आपटलं, शेवटी दोन खाचा पुसल्या आणि एक ठेवली. दिसायला छान दिसत होतं. साहेबांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "चालशे."

नंबर टाकायला प्रिंट रेकॉर्ड रूममध्ये गेली आणि दहा मिनिटांत ताई ती गुंडाळी घेऊन माझ्या टेबलापाशी उभ्या.

"हा एका आट्याचा स्क्रू आहे. त्यांनी तीन मागितलेत."

"दिसायला सारखाच दिसतो ना ताई..."

"दिसायला कशाला हवाय? भिंतीवर टांगणार आहेत का ते?"

त्यांनी ट्रेसिंग पेपरचा काटकोन त्रिकोण कापला आणि माझ्या पेनाभोवती गुंडाळला. तिरकी कड पेनावरून वेटोळं घेत वर गेली. "एका फेऱ्यात एवढं चढायचं. एकवीस. तू सातच चढवलंस, मग तिघांना जागा कुठून मिळणार?" आणि मग म्हणाल्या, "ऊठ."

मी उठलो. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या आणि माऊस हातात घेतला. मी बघतच राहिलो. नंतर कळलं, गेले पाच महिने त्या कामावर येण्याआधी, सकाळी सात वाजता रावपुऱ्यातल्या एका क्लासला जात होत्या, कॉलेजच्या मुलांच्या रांगेत बसून. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. त्यांनी एकवीस मिलिमीटर चढणारं वेटोळं काढलं, एकच खाच कापली. दोन वेढ्यांच्या मध्ये रुंद कोरी पट्टी राहिली. मग तीच खाच एकशेवीस अंशांवर पुन्हा, आणि पुन्हा. कोऱ्या पट्टीत बाकीच्या दोन खाचा नीट जाऊन बसल्या. मला वाटलं, झालं. पण त्या थांबेनात. दात्याचा तीस अंशांचा कोन दांड्याच्या लांबीत उभा छेद घेऊन मोजायचा असतो, आणि कॉम्प्युटर तो आकार वेटोळ्याबरोबर तिरका धरत होता. मी मोजून पाहिलं, फरक सहा शतांश मिलिमीटरचा.

"हे कोण बघणार आहे, ताई?"

"नट बघेल," त्या म्हणाल्या, आणि सगळं पुसून पुन्हा काढलं.

साहेब आले, पाहिलं, खूश झाले. मला म्हणाले, खाली तुझं नाव टाक आणि पाठव. ताई उभ्या राहिल्या. "आरेखन मी केलंय, नाव माझं येईल." साहेब हसले. "मंगलाबेन, नामथी शुं फरक पडे?" ताई म्हणाल्या, "काहीच पडत नाही ना? मग माझंच घाला." प्रिंट त्यांच्या हातात होती आणि ती त्या सोडत नव्हत्या. कुरियरवाला दारात खोळंबला होता. सगळं ऑफिस टेबलांवर माना खाली घालून ऐकत होतं... प्रिंट पुन्हा निघाली, 'एम. शिर्के' नावानं.

त्याच संध्याकाळी मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन त्या कागदाचं सांगितलं. त्या फायली लावत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ठाऊक आहे. त्याची एक प्रत इथेच फायलीला लागायला आली होती. शिर्केचं स्पेलिंगसुद्धा चुकवलंयस." मी माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही. "आधी नवीन कागद लिही," म्हणाल्या. मी लिहिला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी कायम व्हायला वर्ष जास्त लागलं.

यादीत ताईंचं नाव आलंच. कर्मचारी विभागानं सहीसाठी कागद पुढे केला. "स्वेच्छा माझी आहे ना? मग मला इच्छा नाही," असं सांगून त्या परत आल्या. तीनदा बोलावलं, तीनदा परत आल्या. कॉम्प्युटर मात्र लगेच मिळाला नाही. आठ महिने रोज जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या खुर्चीवर बसायच्या आणि मी उभ्यानं डबा खायचो. तिकडे नट बनला आणि विनातक्रार बसला. शाबासकीचं पत्र वगैरे आलं नाही, पुढची ऑर्डर आली. नंतर त्यांना स्वतःचं टेबल मिळालं, अगदी माझ्या शेजारी, आणि अठ्ठावन्न पुरी होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. माफीचं म्हणाल तर तो शब्द त्यांनी कधीच उच्चारला नाही. निवृत्तीच्या दिवशी आपली मोजपट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून गेल्या, तिचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

तेराव्यानंतर भाचीनं मला ताईंच्या खोलीत नेलं. निवृत्तीनंतर आयटीआयच्या मुली तिथे शिकायला यायच्या. टेबलावर त्या मुलींचं एक पाठ्यपुस्तक उघडं होतं. दोन आट्यांच्या स्क्रूची आकृती, तीत एका फेऱ्याची चढण आणि दोन दात्यांमधलं अंतर एकच दाखवलेलं, खरं तर चढण दुप्पट हवी, आणि त्यावर ताईंची लाल फुली. शेजारी प्रकाशकाला लिहिलेलं पत्र. हे तिसरं स्मरणपत्र, असं वर लिहिलं होतं. आधीच्या दोन्हींना उत्तर नव्हतं. सही झाली होती, पाकिटावर पत्ता होता, तिकीट तेवढं लावायचं राहिलं होतं. "याचं काय करू?" भाचीनं विचारलं. मी खिशातलं पेन काढलं, ताईंच्या सहीखाली माझी सही केली, आणि जाता जाता तिकीट लावून छाणीच्या पोस्टात टाकलं. अजून उत्तर आलेलं नाही. चौथं मी लिहून ठेवलंय.