दोन घरच्या दोन रॅम

माझा मेहुणा मला कधी आवडला नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला मोठ्या मनाचा समजणार नाही. तो मुरबाडचा. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकणार, जेवताना दुसऱ्याच्या ताटातली भाकरी मोडणार, आणि कुठलीही वस्तू घेतली की ती किती स्वस्त पडली हे गावभर सांगणार. त्याच्याविषयी शहापुरात एक गोष्ट अजून सांगतात. त्याने भागीच्या धंद्यात बनावट माल घातला, म्हणून दाजीने त्याला बाहेर काढला. दाजी म्हणजे मी, त्याच्या बहिणीचा नवरा. गोष्ट खोटी आहे.

शहापूरच्या एसटी स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो आणि लग्नाचे अल्बम यांवर तो चालायचा. मेहुण्याकडे मुरबाडात व्हिडिओ कॅमेरा होता. माझ्या गिऱ्हाइकांना व्हिडिओ हवा असे, त्याच्या गिऱ्हाइकांना अल्बम. बायको म्हणाली, दोघं मिळून करा. तिच्या शब्दाखातर केलं. पुढे लोकांना लग्नाच्या कॅसेटमध्ये कमळातून उमलणारी नवरी आणि विमानातून उतरणारा नवरा हवा झाला. असलं मिक्सिंग कल्याणला होई, आणि तिथले लोक आमच्या कॅसेटी अडकवून ठेवत. दोन हजार चार-पाचच्या सुमारास आम्ही ठरवलं, स्वतःचा कॉम्प्युटर जोडायचा. साधा नाही, तालुक्यात कोणाकडे नसेल असा.

आमच्याकडे भातशेतीत सावड असते. एका घरी एकच बैल, दुसऱ्या घरीही एकच. नांगरणीपुरती दोघांची जोडी करायची आणि काम झालं की ज्याचा बैल त्याच्या गोठ्यात. भांडण झालं तरी वाटणीचा प्रश्न येत नाही. आम्ही दोघं त्याच शेतातून आलेलो, कॉम्प्युटरही तसाच केला. कॅबिनेट आणि प्रोसेसर माझा, मॉनिटर आणि मदरबोर्ड त्याचा. रॅमच्या दोन पट्ट्या लागणार होत्या, त्यांतली एक त्याने आणायची, एक मी. कॉम्प्युटर जोडणाऱ्याने बजावलं होतं, "रॅम दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच जोडीतल्या घ्या. नाहीतर एकमेकींशी जमत नाहीत." आम्ही त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. एकाच पावतीवर दोन पट्ट्या आल्या, तर उद्या फाटल्यावर कोणती कोणाची?

मी आसनगावहून गाडी धरून मुंबईला गेलो आणि भारी कंपनीची पट्टी आणली. तो मुरबाडहून कल्याणला गेला. आकार सारखा, वर छापलेला आकडाही सारखा.

"दाजी, तुमच्यापेक्षा स्वस्तात आणली," तो म्हणाला.

"ते दिसतंय."

"काय दिसतंय? तुमची हिरवी, माझी पण हिरवी."

बायकोने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. यंत्र सुरू झालं. पण मिक्सिंगला घेतलं की पाचेक मिनिटांत पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची आणि केलेलं सगळं काम जायचं. विंडोज पुन्हा टाकून बघितलं. पट्ट्यांचे पितळी दात खोडरबरने घासले. खाचा बदलल्या. जमिनीत अर्थिंगचा गज ठोकला आणि त्यावर मिठाचं पाणी ओतलं. शेवटी एकेक पट्टी काढून बघितली. नुसती माझी लावली तर यंत्र चाललं. नुसती त्याची लावली तरी चाललं. हे आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितलं. मात्र एकट्या पट्टीवर यंत्र इतकं रांगे की लग्न पुरं होईना, आणि दोन्ही घातल्या की निळा पडदा.

शहाण्या माणसाने यावरून ओळखलं असतं की दोष कुठल्याच पट्टीत नाही, जोडीत आहे. आम्ही दोघांनी मिळून उलटंच ओळखलं.

"तुमची काढली की चालतंय," तो म्हणाला.

"तुझी काढली तरी चालतंय."

"मंग काढा ना तुमची."

"माझी मुंबईची आहे."

"मंग आमची काय रानातनं तोडून आणलीय?"

तोंडावर लग्नसराई होती. शेणवे गावच्या एका लग्नाची सीडी रखडली होती, आणि नवऱ्या मुलाचा बाप रोज येऊन स्टुडिओतल्या बाकावर बसायचा. "सीडी बारशाला दाखवू म्हणता काय?" असं विचारायचा आणि माझा चहा पिऊन जायचा. मी चिडायचो, मेहुणा हसायचा. त्याच्या त्या हसण्याचाच मला जास्त राग यायचा. एके दिवशी मी त्या बाकावरच्या माणसासमोर मेहुण्याला म्हणालो, तुझी पट्टी बनावट आहे. तो उठून उभा राहिला.

"कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरांना बोलवा. ते तपासतील. ज्याचा माल खोटा त्यानं धंद्यातनं निघायचं. आपापलं सामान घ्यायचं नि निघायचं."

"कबूल," मी म्हणालो.

मास्तर दोन दिवसांनी येणार होते. मधल्या दिवशी मेहुणा डोळखांबकडे हळदीच्या शूटिंगला गेला. दुपारी मी मदरबोर्डसोबत आलेलं पुस्तक काढलं, शेजारी डिक्शनरी घेतली आणि शब्द लावत बसलो. त्यात सरळ लिहिलं होतं की वेगवेगळ्या कंपनीच्या पट्ट्या असतील तर त्यांचा वेग यंत्रावर सोडू नका, सेटिंगमध्ये जाऊन हाताने कमी करा. मी कमी केला. दोन्ही पट्ट्या खाचेत बसवल्या आणि शेणव्याचं लग्न लावलं. कमळ उमललं, विमान उतरलं, पाठवणी झाली, वऱ्हाड निघालं. निळा पडदा आला नाही.

सावडीच्या जोडीत एक बैल तेज आणि दुसरा जड असला तर नांगर धरणारा तेज बैलाला आवरतो. एवढंच करायचं होतं, ते मी केलं होतं आणि सगळं जमलं होतं. मेहुण्याला डोळखांबला निरोप धाडता आला असता. मी खुर्चीवर बसून राहिलो. मला आनंद झाला नाही. डोळ्यांसमोर दिसलं ते एवढंच की आता हा आयुष्यभर माझ्या स्टुडिओत येणार, माझ्या खांद्यावर हात टाकणार आणि म्हणणार, बघा दाजी, स्वस्तातलीच चालली.

मग मनात आलं की वेग कमी करता येतो तर वाढवताही येत असेल. वाढवला. नुसती माझी पट्टी लावली. भारी कंपनीची होती, तिने तो वेग पेलला. मग नुसती त्याची लावली. मिक्सिंगला घेताच पडदा निळा. पुन्हा करून बघितलं, पुन्हा निळा. मी तो वाढवलेला वेग तसाच ठेवला. तयार झालेलं शेणव्याचं लग्न पुसून टाकलं, कारण ते राहिलं असतं तर दोन पट्ट्या एकत्र चालल्याचं कळलं असतं.

मास्तर आले तेव्हा बाकावर शेणव्याचा बाप होता, समोरचा पानवाला येऊन उभा होता आणि दारात बायको होती. मास्तरांनी आधी मेहुण्याची पट्टी लावली. निळा पडदा. मग माझी लावली. यंत्र चाललं. सेटिंग उघडून बघायचं मास्तरांच्या मनात आलं नाही, यायचं कारणही नव्हतं.

मेहुणा मास्तरांना सोडून माझ्याकडे वळला.

"परवा चालली होती दाजी. तुमी शेजारी बसला होता. तुमी बघितली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी नाय बघितली," मी म्हणालो.

बायकोने भावाला विचारलं, "खोटी आणलीस काय रे?" त्याने पानवाल्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, खाली बसला आणि ठरल्याप्रमाणे आपलं सामान काढायला लागला. पट्टी शर्टाच्या खिशात घातली. माझा प्रोसेसर आणि पट्टी काढून टेबलावर ठेवली, मदरबोर्ड उचकटून गोणपाटात गुंडाळला. मॉनिटर रिक्षात ठेवला. माझ्याकडे उरलं ते पोकळ कॅबिनेट, त्यावर हळदकुंकवाची बोटं. "भाऊबंदकीला आता करंट लागतो," असं शेणव्याचा बाप म्हणाला आणि पानवाला हसला.

मी दुसरा बोर्ड आणला, माझ्या पट्टीच्या जोडीची दुसरी पट्टी आणली, आणि धंदा पुष्कळ वर्षं झकास चालवला. शेणव्याचं लग्न पुन्हा नव्याने केलं. पानवाल्याने गोष्ट शहापुरात पसरवली आणि ती मुरबाडला पोचली. तिथे लोक मेहुण्याला विचारायला लागले, कॅमेरा तरी खरा आहे का रे? त्याने तो विकला आणि एमआयडीसीत कारखान्यात लागला. बायको भाऊबीजेला माहेरी जायची थांबली. मी तिला कधी जाऊ नको म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही.

गेल्या दिवाळीत मी एकटाच मुरबाडला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. वय झालं की झोप कमी होते, एवढं म्हणतो. तो ओटीवर बसला होता. पाणी दिलं नाही. मी पुस्तकापासून सुरुवात केली, वाढवलेल्या वेगापर्यंत आलो. त्याने मला तिथेच अडवलं.

"म्हायती आहे."

"काय माहीत आहे?"

"बोर्ड माझा होता ना. सेटिंग बोर्डातच राहते, दाजी. इथं दुसऱ्या डब्यात बसवला, तर जोडणारा पोरगा म्हणाला, हा वेग एवढा कोणी चढवलाय? त्यानं उतरवला. मंग माझी पट्टी चालली. चांगली चार वर्षं चालली."

ज्याचं त्याने न्यायचं, या आमच्या कराराने पुरावाच त्याच्या घरी नेऊन ठेवला होता. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?"

"आक्काला तुमच्या घरात राहायचं होतं." आणि वर म्हणाला, "तुमच्यावर दया नाय केली. तसं समजू नका."

"आता काय करू सांग."

"मला कशाला सांगता? मला म्हायतीच होतं. तिथं चार लोकांसमोर बोललात ना, नाय बघितली? तसंच बोला आता." मग त्याने पोराला हाक मारून माझ्यासाठी रिक्षा बघायला सांगितली. माझं अजून उठायचं ठरलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिने सूप खाली ठेवलं नाही. मग म्हणाली, "मी उद्या मुरबाडला जाते. तुमी येऊ नका." गेली. परत कधी येणार ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पानवाला आता नाही. मास्तर बदलून गेले, शेणव्याचा तो बाप कुठे आहे मला ठाऊक नाही. समोर उभं करायला ते चार लोक उरले नाहीत, म्हणून हे लिहिलं आणि छापायला दिलं. मेहुणा मला आवडत नाही, त्यात बदल झालेला नाही. पण त्याची पट्टी खोटी नव्हती. ती चालत होती. मी शेजारी बसलो होतो आणि मी बघितली होती.