वजू कशानं तुटला

इस्पितळातून परत आलो तेव्हा सगळं गाव मला 'बरा झाला' म्हणत होतं. बरा म्हणजे नेमका काय झालो, हे एकट्या मलाच कळत नव्हतं. लढाईचे दिवस होते. दूरच्या एका मिशनच्या इस्पितळात डॉक्टरांनी माझ्या आतड्याच्या शेवटाला झालेला कॅन्सर कापून काढला, मागची वाट शिवून बंद केली आणि पोटाच्या डाव्या अंगाला भोक पाडून आतड्याचं तोंड तिथं आणून लावलं. यापुढं शौच इथूनच होणार, आणि कधी होईल ते तुमच्या हातात नाही, असं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. गुंगीतला माणूस कशालाही मान डोलावतो.

नेवाशापासून जवळच, प्रवरेकाठी आमचं गाव. धंदा पिढीजात पिंजाऱ्याचा. गिऱ्हाइकांच्या गाद्यांसाठी पिंजलेल्या कापसातला मऊ कापूस बायको बाजूला काढायची, त्याची घडी त्या भोकावर ठेवायची आणि वरून पट्टा आवळायची. कापड कंट्रोलवर मिळायचं, म्हणून पट्टे तिच्या जुन्या साड्यांचे. जन्मभर लोकांच्या गाद्या भरल्या, आता स्वतःच्याच पोटाला गादी, असं मी एकदा थट्टेनं म्हणालो तर ती रडायला लागली. मग मी चिडलो. कशावर चिडलो, ते मलाही सांगता आलं नसतं.

सकाळी तर फारच घोटाळा व्हायचा. पूर्वीसारखंच लागल्याचं वाटायचं, अगदी खरं वाटायचं. मी टमरेल उचलून ओढ्याकडे निघायचो आणि अर्ध्या वाटेत आठवायचं, की जायला जागाच राहिलेली नाही. तरी लागल्याची जाणीव जायची नाही. भरलं टमरेल घेऊन परत येताना वाटेत कुणी भेटलं की काय सांगावं ते सुचायचं नाही. आपलं आपल्यालाच कळेना, तर दुसऱ्याला काय कळणार?

पण खरी अडचण मशिदीची होती. नमाजाआधी हात, पाय, तोंड धुऊन वजू करायचा, आणि वारा सरला की तो तुटतो, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. माझ्या पोटातून वारा केव्हाही सरायचा, तोही आवाज करून. तोंड पुसेपर्यंत वजू तुटलेला. मग नमाज पढायची कशी? मी मशिदीत जाणं सोडलं. गावात आमची घरं आठ-दहा. रांगेतला एक माणूस कमी झाला तरी लगेच दिसतं. माझा वास येऊ नये म्हणून नाकाला खोबरेल तेल लावून लोक मला भेटायला येतात, असंही मला वाटू लागलं होतं. तसं नसेलही. पण माणसांची ती रांग सुटली तर माझ्याजवळ काय उरतं, या विचारानं मला धड जेवण जाईना.

शेवटी मौलवीसाहेब स्वतः घरी आले. आजारानं ज्याच्या हातात काही राहिलं नाही अशा माणसाला धर्मात सवलत आहे, असं त्यांनी समजावलं. दर नमाजाच्या वेळी एकदा वजू करायचा, त्यानंतर पोटातून जे होईल ते माफ. किती मायेनं बोलत होते! आणि मी भडकलो. माफी गुन्हेगाराला असते, मी काय गुन्हा केला, असं त्यांच्या तोंडावर बोललो. ते उठून निघून गेले. ते तर माझ्याच बाजूनं बोलत होते, मग मला इतकं का झोंबलं?

शेजारच्या रानातला शेतकरी माझा लंगोटीयार. गादी भरायला टाकायला आला, तेव्हा त्याच्याजवळ सगळं ओकलो. त्यानं तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"आरं गड्या," तो म्हणाला, "शेतसारा माफ झाला म्हून कुनी रान टाकून जातं व्हय?"

हे उत्तर झालं की नुसती थट्टा, ते मला ठरवता येईना. पण दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी असरच्या नमाजाला गेलो. बायकोनं पट्टा दुप्पट आवळून दिला होता. दाराजवळ, रांगेच्या टोकाला उभा राहिलो. असरची नमाज मनातल्या मनात पढतात; मशिदीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. सगळ्यांबरोबर कपाळ जमिनीला टेकलं आणि माझं पोट बेडकासारखं ओरडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्वास रोखला. तर ते पुन्हा ओरडलं, या खेपेला लांब सुरात, जणू पहिल्याला कुणी जबाब देत होतं. आणि काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. साधं नाही, खो खो. तोंड दाबलं तरी आवरेना. हसतोय की रडतोय तेही कळेना. रांग सोडून मागे भिंतीशी जाऊन बसलो.

नमाज संपली. मौलवीसाहेब माझ्याकडे आले. मी मान खाली घालून विचारलं, माझा वजू राहिला की तुटला?

ते माझ्याशेजारी बसले.

"पोटाचं माफ आहे," ते म्हणाले. "पण नमाजात मोठ्यानं हसलं की वजू तुटतो. ते कुणालाच माफ नाही, तुम्हालाही नाही. जा, पुन्हा वजू करून या."

मी उठून रांजणाकडे गेलो आणि तोंडावर पाणी मारता मारता पोटभर रडून घेतलं.