व्हय म्हाराजा

आमच्या आपांनी आयुष्यात कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू केलं नाही. नांगरणी-कापणीचं सोडा, ते सगळेच घालतात. आपा विहिरीवरचा पंप चालू करतानासुद्धा घालायचे. हात जोडून, डोळे मिटून, ‘बा म्हाराजा, ह्या पंपाक बुद्धी दी’ म्हणायचे आणि मग बटण दाबायचे. काकी चुलीपाशी बसून करवादायची, “देवाक दुसरी कामां नायत?”

आपा म्हणजे माझे थोरले काका. मी लहान असतानाच आईवडील गेले, तेव्हापासून आपा आणि काकीनेच मला वाढवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. फोंडाघाटाच्या बाजारापासून तासाभराच्या वाटेवर आमचं घर, घरापुढे भाताचं शेत, वर काजूचा डोंगर. शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, फणसाखाली एक दगड आहे, तो आमचा राखणदार. त्याच्यापुढे नारळ आणि विडा ठेवून आपा गाऱ्हाणं घालत.

पण गाऱ्हाणं एकट्याने होत नाही. एकाने मागणं मागायचं आणि दुसऱ्याने मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, तेव्हा ते देवाला पोचतं. घरात दुसरा पुरुष नाही, म्हणून आपांनी मलाच उभं केलं. वाडीतली माणसं कुजबुजली, की पोरीच्या जातीने कसलं व्हय म्हणायचं! आपा म्हणाले, “देवाक आवाज पोचल्याशी मतलब.”

माझा आवाज तर असा होता की पलीकडच्या डोंगरावरची वानरं उठावीत. घाईसुद्धा भारी. एकदा आपा म्हणाले, “म्हाराजा, ह्या शेतात जे रानडुकर येतले, तेंका—” आणि श्वास घ्यायला थांबले. मी लगेच ठोकून दिलं, “व्हय म्हाराजा!” भायरच्या भायर परतव, हे पुढचं राहूनच गेलं. त्या वर्षी डुकरांनी खालचा भाताचा कुणगा असा लोळवला की पेंढासुद्धा हाती लागला नाही. आपा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “वाक्य पुरा होऊंदे गो चेडवा. देव आयकता तितक्याच धरता.” पुढे कितीतरी वर्षं वाडीत डुकरं आली, की माणसं माझ्याकडे बघून हसायची.

मग मला पुण्यात नोकरी लागली. खरं सांगते, मला जायचंच होतं. चिखलात कंबर मोडून लावणी करायची आणि वर्षाअखेर घरापुरता तांदूळ मिळाला म्हणून आनंद मानायचा, हे मला नको होतं. पण आपांचे गुडघे गेलेले. मी गेले की शेत पड राहणार, हे मला दिसत होतं. पंधरा दिवस मी काकीशिवाय कुणापाशी तोंड उघडलं नाही. शेवटी काकीनेच सांगून टाकलं. आपा नारळ सोलत बसले.

निघायच्या दिवशी सकाळी ते मला मेरेवर घेऊन गेले. विडा ठेवला, हात जोडले.

“बा म्हाराजा, ह्या चेडू आज शेत सोडून शहरात चल्ला आसा. तेका परत—”

आणि आपा थांबले. व्हय म्हाराजा माझ्या अगदी जिभेवर आलं. तेवढ्यावर म्हटलं असतं, तर माझं परत येणं देवाने धरलं असतं. आपांना तेच हवं असणार, असंही वाटून गेलं. पण डुकरं आठवली. मी ओठ दाबून उभी राहिले.

“—तेका परत येवची पाळी आणू नको. थंयच सुखात ठेव.”

मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. म्हणावंच लागलं. एवढ्या हळू आवाजात मी ते कधीच म्हटलं नव्हतं.

त्यानंतर दर कापणीला आपांचा फोन यायचा. ते दगडापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालायचे आणि मी ऑफिसच्या जिन्यात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. येणारे-जाणारे चमकून बघायचे. बघोत बापडे. शेत आता वाडीतलाच एक जण करत होता, पण गाऱ्हाणं आपांचंच होतं.

गेल्या पावसात आपा गेले. कापणीला मी रजा काढून घरी आले, नारळ-विडा घेऊन फणसाखाली गेले. काकी काठी टेकत मागून आली. मी डोळे मिटले.

“बा म्हाराजा, आमच्या आपाक—”

पुढे काय मागायचं तेच कळेना. मग माझ्या मागे, आयुष्यभर गाऱ्हाण्यांना नावं ठेवणारी काकी वाक्य पुरं व्हायची वाट न बघता म्हणाली,

“व्हय म्हाराजा.”